सर्जेराव कुंभारांची गरजयादी

कालिंदी हुपरीकरांच्या विभागात चौदा माणसं होती. तेरा जणांचं काम त्यांच्या पसंतीचं होतं. चौदावे सर्जेराव कुंभार. त्यांच्या गोपनीय अहवालात कालिंदीताई गेली अकरा वर्षं एकच शब्द लिहीत आल्या होत्या: संथ.

दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंही. माणूस वेळेवर यायचा, कुणाशी भांडायचा नाही, डबा खाऊन झाला की स्वतःचं टेबल स्वतः पुसायचा. पण बाकीचे आठवड्याला पाच-सहा पॅकेजं बांधून मोकळे व्हायचे, तिथं कुंभारांना एका पॅकेजला दोन-अडीच आठवडे लागायचे. त्यात मधूनच दोन दिवसांची रजा टाकायचे आणि कारण लिहायचे 'खाजगी काम'. बढतीची यादी निघाली की त्यांचं नाव नसायचं, आणि त्याचं कुणाला नवलही वाटायचं नाही. निवृत्तीला आता दहा महिने उरले होते.

साल दोन हजार त्रेचाळीस. कोल्हापुरात शहराबाहेरच्या माळावर सॉफ्टवेअर भांडाराची तीन मजली इमारत होती. सरकारी दवाखान्यातला औषधाचा पंप असो, धरणाचा दरवाजा असो की तालुक्याच्या गावचा पाण्याचा वॉल्व्ह, त्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी इथं यायचा, तपासला जायचा, त्याचं पॅकेज, म्हणजे सोबतच्या यादीसह एक गाठोडं, बांधलं जायचं आणि मगच तो बाहेर पडायचा.

आता प्रोग्रॅम कुणी एकहाती लिहीत नाही. तारखांचं गणित एकानं आधीच करून ठेवलेलं असतं, वजनमापांचं दुसऱ्यानं. असे तयार तुकडे, म्हणजे मॉड्यूल, उचलायचे आणि त्यांच्या आधारावर आपलं काम उभं करायचं. ते तुकडेही आणखी कुठल्या तुकड्यांवर उभे असतात. म्हणून प्रत्येक पॅकेजवर एक यादी लावावी लागते: हे चालायला सोबत काय काय हवं. भांडारात तिला गरजयादी म्हणत. तीत एक नाव राहिलं तर दूर कुठंतरी एखादं यंत्र ऐन कामाच्या वेळी अडकणार. नावं जास्त झाली तर नको असलेलं ओझं भांडार वर्षानुवर्षं वाहणार.

खरी पंचाईत होती स्क्रिप्टच्या भाषांची. काही भाषांतला प्रोग्रॅम आधीच पुरता उलगडून पक्का केला जातो, त्याला काय लागतं ते तेव्हाच कळतं. स्क्रिप्ट मात्र चालता चालता वाचली जाते, ओळीमागून ओळ, आणि आपल्याला कुठलं मॉड्यूल हवं ते ती ऐनवेळी ठरवू शकते. 'तारखेचं मॉड्यूल आण' असं सरळ लिहिलेलं असलं तर सोपं. पण पुष्कळदा ती दोन शब्द जोडून मॉड्यूलचं नाव जुळवते, आणि त्यातला एक शब्द समोर आलेल्या नोंदीतून उचलते. नोंद बदलली की नाव बदललं. असं नाव लिहिलेल्या ओळींत शोधून सापडत नाही. त्या क्षणापर्यंत ते कुठं नसतंच.

तीस वर्षं जगभरची माणसं या कोड्याशी झगडत होती. ते सोडवलं डॉ. ओवी फडतरे या एकोणतीस वर्षांच्या मुलीनं. तिच्या यंत्राचं नाव 'मागोवा'.

"मी स्क्रिप्ट वाचत नाही," पहिल्याच दिवशी सगळ्या विभागासमोर ती म्हणाली. "मी तिला जगायला लावते."

आणि ते खरंच होतं. मागोवा प्रत्येक स्क्रिप्टभोवती एक अख्खं आभासी जग उभं करायचा. दवाखान्याची स्क्रिप्ट असेल तर दवाखाना. खाटा, रुग्ण, ताप, रक्तदाब, मध्येच गेलेली वीज, तुटलेलं इंटरनेट. हे जग खरं नाही याचा स्क्रिप्टला पत्ताच नसायचा. ती आपलं काम करत राहायची, आणि ज्या ज्या मॉड्यूलकडे हात पुढे करेल त्याची नोंद मागोवा ठेवायचा. एक जग संपलं की दुसरं. एकेका स्क्रिप्टसाठी तासाला दहा हजार जगं. भिंतीवरच्या पडद्यावर ते सगळे धागे उमटायचे, तेव्हा जमिनीखालचं मुळांचं जाळं कुणी अलगद वर उचलून धरल्यासारखं दिसायचं. कालिंदीताई त्या पडद्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वर्षं त्या ज्याच्यासाठी राबल्या, ते त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

सहा आठवड्यांत मागोव्यानं सगळं भांडार पालथं घातलं. दोन याद्या निघाल्या. पहिली, कुणालाही न लागणाऱ्या मॉड्यूलांची: तीन हजार एकशे बारा. आदल्या वर्षी कुठल्याशा शहराचं पाणी दोन दिवस बंद पडलं होतं. कुणी विचारत नसलेल्या एका जुन्या मॉड्यूलमधून कुणीतरी आत शिरलं होतं. तेव्हापासून वरून एकच सांगणं होतं, जे लागत नाही ते काढून टाका. शुक्रवारी पाचच्या आत कालिंदीताईंनी त्या यादीवर सही करायची होती.

दुसरी यादी माणसांची होती. कुणी बांधलेल्या पॅकेजांत किती नावं राहून गेली, किती उगाच आली. ती वाचताना विभागात कुणी कुणाकडे बघेना. कालिंदीताईंनी आधी स्वतःचं नाव शोधलं. विभागप्रमुख होण्याआधी त्यांनी बांधलेल्या पॅकेजांत राहून गेलेली नावं: सदुसष्ट. त्यांचे कान तापले. एकेकाळी सर्वांत जलद पॅकेज बांधणारी बाई म्हणून त्यांचा पुण्यात सत्कार झाला होता.

सर्जेराव कुंभार: दोनशे चौदा पॅकेजं. राहून गेलेली नावं शून्य. उगाच आलेली, एक.

ओवी धावतच त्यांच्या केबिनमध्ये आली. "मॅडम, हे कुंभार कोण? शून्य कसं येईल? मी स्वतः बांधलेल्या पॅकेजांतसुद्धा चार निघालीत. त्यांच्याकडे काय दुसरा मागोवा आहे?"

"ते कोपऱ्यातलं टेबल," कालिंदीताई म्हणाल्या. "नशीब असेल."

हे वाक्य तोंडून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. दोनशे चौदा वेळा कुणाचं नशीब लागत नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी कुंभारांना बोलावलं. ते येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तुमच्या यादीत एकच नाव जास्तीचं निघालंय," कालिंदीताई म्हणाल्या. "औषधाच्या पंपाच्या पॅकेजमध्ये तुम्ही 'पाळणा' नावाचं मॉड्यूल लावलंय. एकशे चाळीस ओळींचं, पंधरा वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरनं लिहिलेलं. ते शुक्रवारी जाणार. तुमच्या कानावर घालावं म्हणून बोलावलं."

"मॅडम, पाळणा काढू नका."

"मागोव्यानं पंपाची स्क्रिप्ट चार लाख जगांत चालवली. एकदाही तिनं पाळण्याला हात लावला नाही."

"त्या जगांत बिननावाचं बाळ होतं का ओ?"

"म्हणजे?"

"आपल्यात बाळाला नाव बारशाला ठेवत्यात. तोवर त्याला नाव कुठलं? दवाखान्यात पट्टीवर आईचं नाव लिहित्यात, अमकीचं बाळ. नंबरही आईचाच. पंपाच्या स्क्रिप्टला नावाचा रकाना रिकामा दिसला की ती शेजारच्या रकान्यातनं एक शब्द उचलती आणि त्यावरनं मॉड्यूलचं नाव जुळवती. तेव्हा पाळणा लागतो. तो तासांवर वय मोजतो आणि वजन ग्रॅममध्ये धरतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ती थांबत नाही, हेच वाईट आहे. नंबरावरनं आईची नोंद उघडती आणि आईचं वजन घेती."

कालिंदीताई पुढे झुकल्या. "तुम्हाला हे कसं कळलं? स्क्रिप्टमध्ये तर दिसत नाही."

"स्क्रिप्टमध्ये नाहीच दिसत. मी आजऱ्याकडं गेलो होतो, एका लहान दवाखान्यात. दोन दिवस नवजात कक्षाच्या बाहेर बसलो. रोझलिन बारदेस्कर म्हणून सिस्टर आहेत, त्यांना विचारत बसलो, हे झालं तर काय करता, ते झालं तर काय करता. त्यांनी पट्टी दाखवली."

"हे तुम्ही लिहून का नाही ठेवलंत?"

"लिहिलंय की. शेऱ्यात."

पॅकेजाच्या अर्जात पूर्वी शेऱ्याचा एक रकाना असायचा. आठ वर्षांपूर्वी कालिंदीताईंनीच तो बंद केला होता. त्यात लोक वेळ घालवतात म्हणून.

"तो रकाना तर..."

"छापायचा बंद झाला, मॅडम. साठायचा बंद नव्हता झाला. मी लिहीत राहिलो."

त्या दुपारी कालिंदीताईंनी केबिनचं दार लावून घेतलं आणि जुन्या साठ्यातून कुंभारांचे शेरे बाहेर काढले. एखाददुसऱ्या ओळीची अपेक्षा होती. पण काही शेरे तीन-तीन पानांचे होते.

'शाहूवाडीचं पंपघर. विजा चमकायला लागल्या की ऑपरेटर मेन स्विच पाडतात, हे कुठंही लिहिलेलं नाही. पुन्हा चालू केल्यावर यंत्राचं घड्याळ मागे जातं. म्हणून घड्याळ-जुळणीचं मॉड्यूल हवंच, जरी स्क्रिप्टमध्ये नाव दिसत नसलं तरी.'

'चंदगडच्या शाळेचा हजेरीपट. एका वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही नावं. कन्नड अक्षर आलं की स्क्रिप्ट वेगळं मॉड्यूल मागते. गुरुजी म्हणाले, अशी तीन मुलं आहेत. तीन पुरेत.'

'रक्तपेढी, मिरज. गट सापडला नाही तर काय करता असं विचारलं. ताई हसल्या आणि म्हणाल्या, फोन करते. तो फोन करणारं मॉड्यूल यादीत नव्हतं.'

प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी तारीख होती. कालिंदीताईंनी सहज कार्यालयाचा हजेरीपट उघडला. शाहूवाडीची तारीख: रजा, खाजगी काम. मिरजेची तारीख: रजा, खाजगी काम. पुढं त्यांनी ताडून पाहिलं नाही. गरजही नव्हती. हा माणूस आपल्या रजा खर्ची घालून, एस.टी.नं, दोनशे चौदा ठिकाणी जाऊन बसला होता. आणि आपण त्याला वर्षाला एक शब्द दिला.

चहा येऊन गार झाला. शिपायानं तो तसाच उचलून नेला.

गुरुवारी सकाळी ओवीच्या प्रयोगशाळेत तिघं जमली. ओवी आधी थोडी ताठ होती. "काका, माझी आभासी माणसं हवेतनं आलेली नाहीत. नागरिक नोंदवहीतल्या प्रमाणावरून बनवलीत. बाळं आहेत, म्हातारे आहेत, दुर्मीळ आजारांचे लोक आहेत. कुणी सुटलेलं नाही."

"हो ना," कुंभार म्हणाले. "पण नोंदवहीत बाळ कधी चढतं?"

"नाव..." एवढं बोलून ओवी थांबली. तिनं डोळे मिटून घेतले. "नाव ठेवल्यावर."

तिनं आणखी एक शब्दही वाद घातला नाही. खुर्ची ओढली आणि टाइप करायला लागली. नवं जग: नवजात कक्ष, बाळ मुलगी, वय एकतीस तास, वजन चौदाशे ग्रॅम, नावाचा रकाना रिकामा, नंबर आईचा, आईचं वजन बावन्न किलो.

पडद्यावर स्क्रिप्ट चालू झाली. चार लाख जगांत कधीच न उमटलेला एक धागा सरसरत निघाला आणि पाळण्याला जाऊन टेकला. औषधाचा आकडा आला, अगदी लहान, जसा यायला हवा तसा.

"आता पाळणा काढ," कालिंदीताई म्हणाल्या.

ओवीनं काढला आणि तेच जग पुन्हा चालवलं. धागा निघाला, पाळण्याच्या जागी काहीच नव्हतं, मग तो वळला आणि आईच्या नोंदीवर जाऊन थांबला. आकडा आला. सदतीस पट.

"पंपाला कमाल मर्यादा असेल ना?" ओवीनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"आहे," कुंभार म्हणाले. "मोठ्या माणसाची."

पडद्यावरचं बाळ खोटं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी ओवीनं हात लांब करून ते जग घाईनं बंद केलं. मग ती कुंभारांकडे वळली. एवढ्या मोठ्या शोधाची धनीण, पण चेहरा पहिलीतल्या मुलीसारखा झाला होता. "काका, माझ्याकडे नसलेली अशी अजून किती जगं आहेत?"

"ते मला कुठलं ठाऊक? मी बघितलेली दोनशे चौदा ठिकाणं आहेत. ती सांगतो की."

"आत्ता सांगता?"

"डबा खाऊन."

ती दोघं खरोखरच डबा खाऊन बसली, आणि कार्यालय सुटेपर्यंत उठली नाहीत. कालिंदीताईंनी दारातून दोनदा डोकावून पाहिलं. ओवी एकामागून एक प्रश्न विचारत होती आणि कुंभारांच्या प्रत्येक उत्तरानंतर मागोव्यात एक नवं जग उभं राहत होतं. मशीनची ताकद किती अफाट आहे ते कालिंदीताईंना त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं. कुंभारांनी अकरा वर्षांत पायी जोडलेलं सगळं ते एका संध्याकाळी गिळत होतं, आणि उद्यापासून राज्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टला ते विचारणार होतं.

शुक्रवारी अकरा वाजता पुण्याहून संचालकांचा फोन आला.

"हुपरीकर, यादीवर सही झाली का?"

"नाही, सर. यादी थांबवलीय." त्यांनी कारण सांगितलं.

"बरं झालं सापडलं. असं करा, 'विभागाच्या अंतर्गत तपासणीत आढळून आले' असं एक टिपण पाठवा. सोमवारी उपसंचालकपदाची मुलाखत आहे तुमची. हे तुमच्याच खात्यावर जमा होईल, काळजी नको."

फोन ठेवल्यावर कालिंदीताईंनी ते टिपण लिहायला घेतलं. 'अंतर्गत तपासणीत' हे दोन शब्द लिहूनही झाले. वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते त्यांना सहन होईना. त्यांनी कागद बाजूला सारला आणि नवा घेतला.

त्यात त्यांनी लिहिलं, की ही चूक सर्जेराव कुंभार यांनी शेऱ्यात नोंदवलेल्या माहितीमुळे टळली. शेऱ्याचा रकाना माझ्या आदेशानं बंद झाला होता. त्यांचे अकरा गोपनीय अहवाल मी कामाची संख्या पाहून लिहिले, काम पाहून लिहिले नाहीत. ते सर्व पुन्हा तपासावेत. सोबत माझ्या पॅकेजांत राहून गेलेल्या सदुसष्ट नावांची यादी जोडत आहे.

सही करून त्यांनी तो कागद आधी कुंभारांच्या टेबलाशी नेला. विभागातल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. मॅडम कुणाच्या टेबलापाशी जात नसत.

कुंभारांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "हे कशाला, मॅडम?"

"कारण ते खरं आहे. अकरा वर्षं मी तुम्हाला संथ लिहिलं."

"ते काय खोटं नव्हतं," ते म्हणाले. "मी संथच आहे."

कालिंदीताईंना हसू आलं. "माफ करा, कुंभार."

कुंभारांनी कागद परत दिला, पण लगेच हात मागे घेतला नाही. "माझ्या मंडळींना एकदा ह्याची झेरॉक्स दाखवायला मिळंल का? रजा घेऊन कुठं भटकता म्हणून लई बोलणी खाल्ल्यात."

मुलाखत झाली, आणि उपसंचालक म्हणून दुसऱ्याच कुणाची निवड झाली. कागदाचा त्याच्याशी संबंध होता की नाही हे कुणी सांगितलं नाही आणि कालिंदीताईंनी विचारलं नाही. नियमात फक्त मागच्या तीन वर्षांचे अहवाल उघडता येत होते, तेवढे उघडले. कुंभारांना निवृत्तीच्या सहा महिने आधी बढती मिळाली. तीन हजार एकशे बारा नावांतली एकोणीस यादीतून मागं घेतली गेली. बाकीची खरंच कुणाला लागत नव्हती आणि ती गेली, हेही मागोव्याचंच यश होतं. शेऱ्याचा रकाना पुन्हा छापला जाऊ लागला. ओवीनं मागोव्याची जी नवी आवृत्ती जगापुढं मांडली, तिच्या निबंधावर दोन नावं होती: डॉ. ओवी फडतरे आणि सर्जेराव कुंभार. परदेशातून लोक कुंभारांना डॉक्टर म्हणून पत्रं पाठवू लागले. ते प्रत्येकाला उत्तरात कळवायचे, की मी डॉक्टर नाही.

उरलेल्या सहा महिन्यांत त्यांनी नवीन माणसं तयार करावीत असं ठरलं. सहा जण निवडले. पहिल्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि कालिंदीताईंच्या सांगण्यावरून त्या सहाऐवजी सात मांडल्या.

दहा वाजता कुंभार दारात आले. सातव्या खुर्चीवर विभागप्रमुख वही घेऊन बसलेल्या पाहून ते सवयीनं दारातच थबकले, आत यायची परवानगी हवी असल्यासारखे.

कालिंदीताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचं बघून बाकीची सहा पोरंही उभी राहिली.

"या, सर," त्या म्हणाल्या.

कुंभारांचे कान लाल झाले. त्यांनी फळ्याजवळ जाऊन खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. स्वच्छ असलेला फळा एकदा पुसला.

"बसा," ते म्हणाले. "सावकाश बसा. घाई नाही."